पॉवेल पेराल्टाचा मॅकगिल रिइश्यू डेक: चाळिशीनंतर पुन्हा बोर्डवर चढणाऱ्यांसाठी

कॉलेजात सुटलेलं स्केटबोर्डिंग चाळिशी-पन्नाशीत पुन्हा सुरू करताना बहुतेक जण दुकानात पुढ्यात येईल तो सव्वाआठ इंची पॉप्सिकल डेक (दोन्ही टोकं सारखी गोल असलेली अरुंद फळी) आणि ५२ मिमीची कडक चाकं घेतात. हा बोर्ड फ्लिप ट्रिकसाठी, म्हणजे उडी मारून बोर्ड हवेत फिरवण्यासाठी, घडवलेला आहे. ज्यांना पुन्हा निवांत वळणं घ्यायची आहेत, बोलमध्ये (काँक्रीटच्या वाडग्यासारख्या खोलगट भागात) चढायचं आहे, पाय जमिनीवर टेकून घ्यायची बोनलेस किंवा नो-कम्प्लाय ही ट्रिक मारायची आहे, त्यांच्यासाठी ती खरेदी चुकीची ठरते. पाय ठेवायला जागा कमी पडते आणि बारीक खडाही चाक अडवतो. त्यांनी ऐंशीच्या दशकातला रुंद डेक घ्यावा. त्या घाटाचे जे डेक आज नव्याने निघतात, त्यांत पॉवेल पेराल्टा या अमेरिकी कंपनीचा माइक मॅकगिल ‘स्कल अँड स्नेक’ आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो.

मॅकगिल म्हणजे १९८४ साली हवेत ५४० अंशांची उलटी फिरकी घेऊन ‘मॅकट्विस्ट’ जन्माला घालणारा बोन्स ब्रिगेड या पॉवेल पेराल्टाच्या संघातला स्केटर. कवटी आणि सापाचं चित्र व्हर्नन कोर्टलँड जॉन्सनचं. पण डेक केवळ चित्रासाठी घेऊ नका, घाटासाठी घ्या. रुंदी १० इंच, लांबी ३० इंचांहून किंचित जास्त, मेपलचे सात थर, आखूड नाक (पुढचं टोक) आणि लांब, रुंद शेपूट. मागचा पाय शेपटीवर पूर्ण टेकतो, पुढच्या पायाला दोन्ही बाजूंना लाकूड लागतं. बरीच वर्षं सुटलेला तोल परत मिळवायला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

उणिवाही आहेत. बोर्ड जड आहे, त्यामुळे ऑली, म्हणजे बोर्डसकट मारलेली उडी, कमी उंच जाते. नाक आखूड असल्याने नॉलीचा (नाक आपटून मारलेल्या ऑलीचा) विचार सोडून द्यावा. शिवाय किंमत साध्या डेकपेक्षा बरीच जास्त, आणि रंगांच्या आवृत्त्या मर्यादित असल्याने संग्राहक त्या भिंतीवर टांगायला उचलतात. भडक रंगासाठी जादा पैसे मोजू नका.

खरी गडबड होते ती बाकीचे भाग निवडताना. ट्रकपासून, म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या भागापासून, सुरुवात करा. इंडिपेंडंट कंपनीच्या २१५ ट्रकचा ॲक्सल १० इंची, म्हणजे डेकच्या कडेला तंतोतंत. बोल आणि उतारासाठी हाच घ्या. १६९ चा ॲक्सल सव्वानऊ इंचांना थोडा कमी, चाकं दोन्ही बाजूंनी साधारण ११ मिमी आत राहतात. बोर्ड चपळ वळतो, ढकलताना टाच चाकाला घासत नाही, पण काठावर वजन पडलं की बोर्ड जास्त कलतो. माळ्यावरचे जुने ट्रक वापरायचे असतील तर आधी भोकं मोजा. जुन्या ट्रकांच्या भोकांमधलं लांबीतलं अंतर ६३.५ मिमी असे, आता ५४ मिमी असतं. आपल्या डेकला कोणती भोकं पाडलेली आहेत हे मागवण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या. नव्याने ड्रिल मारलं तर भोकांमधलं लाकूड कमकुवत होतं. ट्रकमधले जुने बुशिंग (वळताना दबणाऱ्या कड्या) आणि जुनी चाकं मात्र टाकूनच द्या. रबरासारखं दिसणारं ते युरेथेन वर्षानुवर्षं पडून कडक होतं, बुशिंगला चिरा जातात आणि चाकाची पकड सुटते.

नव्या बुशिंगचंही वजनाशी गणित आहे. सोबत येणारे मध्यम, ९०ए च्या आसपासचे (आकडा मोठा तेवढं कडक) बुशिंग सडपातळ माणसाला पुरतात. वजन ८५ किलोच्या पुढे असेल तर ९४ए किंवा त्याहून कडक बसवा. मऊ बुशिंग तसेच ठेवून किंगपिन (ट्रकमधला मुख्य बोल्ट) आवळत राहिलात तर ते वॉशरबाहेर फुगतात, ट्रक एका ठिकाणी अडतो आणि मग एकदम कलंडतो. परत येणाऱ्यांच्या बऱ्याच पडझडीमागे हेच कारण असतं.

चाकं ६० मिमी. गुळगुळीत काँक्रीटच्या पार्कसाठी ९०ए चे रॅट बोन्स. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर किंवा खडबडीत डांबरावर तेच चाक पोटऱ्यांपर्यंत हादरे देतं. तिथे ७८ए चे ओजे सुपर ज्यूस लावा. एवढ्या मोठ्या चाकांसाठी रायझर, म्हणजे ट्रक आणि डेकमधली चकती, लागतोच. तीन मिमीचा रायझर आणि सव्वा इंची बोल्ट, ट्रक सैल आवडत असतील तर सहा मिमीचा आणि दीड इंची. रायझर नसेल तर वळताना चाक डेकला घासतं, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो.

ग्रिपटेपची (डेकवर चिकटवायच्या खरखरीत कागदाची) नेहमीची शीट ९ इंच रुंद असते, ती या डेकला पुरत नाही. दहा किंवा अकरा इंची मागवा, नाहीतर दोन पट्ट्या लावून मधे फट सोडा. ऐंशीच्या दशकात तसंही करत. रेल्स (डेकखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) लावणार असाल तर स्क्रूची लांबी डेकच्या जाडीपेक्षा कमीच हवी, टोक वर आलं तर बूट आणि हात दोन्ही फाटतात. टेल गार्ड (शेपटीखालचं प्लॅस्टिक) लावूच नये असं आमचं मत: वजन वाढतं आणि शेपटीचा टणत्कार जातो.

पान्यांचा एक अडथळा आहे. ॲक्सलच्या अर्ध्या इंची नटाला १३ चा पाना चालतो. किंगपिनच्या नटाला १४ चा जात नाही आणि १५ चा कोपरे खातो, म्हणून ९/१६ चा घ्या किंवा सरळ स्केट टूल. चाकाचा नट पूर्ण आवळून थोडा मागे फिरवा. चाक बाजूला अगदी किंचित हललं पाहिजे. चाकाच्या दोन्ही बाजूंना, बेअरिंगच्या बाहेर, स्पीड वॉशर (पातळ चकत्या) विसरू नका.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बोर्ड काढू नका. पाणी भोकांतून आणि शेपटीच्या झिजलेल्या कडेतून थरांत शिरतं, लाकूड मऊ पडून थर सुटू लागतात. भिजलेली बेअरिंग्ज त्याच दिवशी सोडवा, शील्ड (बेअरिंगचं झाकण) काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि प्रत्येकात दोन थेंब पातळ तेल घाला. नुसता डब्ल्यूडी-४० मारून भागत नाही, तो उडून गेला की बेअरिंग कोरडंच राहतं.

बजेट अपुरं पडत असेल तर डेक पुढच्या महिन्यावर ढकला, पण हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि जाड टोपीचे नीपॅड आधी घ्या. हेल्मेटवर एएसटीएम एफ१४९२ या स्केटिंग हेल्मेटच्या मानकाची खूण बघा. सायकलची बरीचशी हेल्मेटं एकाच मोठ्या आघातासाठी बनतात, स्केटिंगमध्ये डोकं पुन्हा पुन्हा आपटतं. नीपॅड ‘१८७ किलर पॅड्स’ या कंपनीचे घ्या. बोलमध्ये उतरण्याआधी सपाट जमिनीवर आणि मग उतारावर दोन्ही गुडघ्यांवर घसरायचा सराव करा, आणि पडायची वेळ आली की हात टेकवायचे नाहीत हे अंगवळणी पाडा.