मास्क, हेल्मेट आणि कान: कुठली जोडी जमते?

गोंगाटाच्या कामावर धूळ-वायू रोखणारा मास्क उत्तम, हेल्मेट उत्तम, आवाज अडवायला कान झाकणारे इअरमफही उत्तम. पण तिन्ही एका डोक्यावर चढवले की भांडण सुरू होतं. भांडणाची जागा कानशिलावरची दोन बोटं. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कचा पट्टा तिथूनच जातो आणि मफची गादीही तिथेच टेकते. पट्ट्याने गादी जराशी जरी उचलली, तरी त्या फटीतून आवाज आत शिरतो. चष्म्याच्या दांडीनेही हेच होतं.

फक्त नाक-तोंड झाकणाऱ्या अर्ध्या मास्कचं त्या मानाने सोपं. एक पट्टा डोक्यावरून, दुसरा मानेमागून, म्हणजे कान मोकळे. हेल्मेटला लावायचे मफ इथे बहुधा नीट बसतात. फक्त ते मफ तुमच्याच हेल्मेटसाठी प्रमाणित आहेत ना, एवढं बघा. युरोपात त्यासाठी ईएन ३५२-३ हे मानक आहे.

पूर्ण मास्कबरोबर मात्र मी मफचा नाद सोडेन. मास्कची वरची कड हेल्मेटला मागे ढकलते आणि हेल्मेटबरोबर मफही कानावरून सरकतात. त्यापेक्षा कानात घालायचे फोमचे प्लग बरे. बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. हे सगळं मास्क चढवण्याआधी आणि स्वच्छ हातांनी. तेलकट हातांनी दिवसातून दहादा काढ-घाल होणार असेल, तर प्लगही गैरसोयीचेच.

पंख्याने हवा पुरवणारा, अख्खं डोकं झाकणारा सैल हूड घेतलात तर पट्ट्यांची कटकटच नाही, दाढीही चालते. पण पंख्याची घरघर कानाशी सतत राहते; अमेरिकी नियमांत हूडच्या आत कानाशी ८० डेसिबलची मर्यादा आहे. आत मफ मावतात का, तेही घालूनच बघायचं.

वॉकीटॉकीवर बोलण्याचं काय? ओठांपुढचा दांडीवाला माइक मास्कबाहेर राहतो; त्याला तुमच्या बोलण्यापेक्षा यंत्राचा आवाजच जास्त मिळतो. गळ्याला लावायचा माइक मास्कच्या आड येत नाही, पण ‘स’ गिळतो: ‘साठ’ म्हणालात की पलीकडे ‘आठ’ पोचतं. कानातल्या प्लगमध्येच माइक असलेला संच महाग पडतो, तरी पूर्ण मास्क आणि गोंगाट रोजचाच असेल तर मी तोच घेईन.

मास्कची फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्याला फट न ठेवता बसतो का याची चाचणी, हेल्मेट, मफ, चष्मा सगळं घालूनच करून घ्या. आणि तसंच सगळं अंगावर ठेवून, यंत्र चालू असताना, वॉकीटॉकीवर वीस आकडे वाचून पलीकडच्याला लिहून घ्यायला सांगा.