खा-खा सुटते तेव्हा साखर कुठे असते? ग्लुकोज सेन्सर वापरून बघितला त्याबद्दल

जेवण होऊन दोन-अडीच तास झाले की ज्यांना ब्रेड, बिस्किटं, चिप्स असलं काहीतरी हवंच असतं, त्यांना दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर नक्की उपयोगी पडेल. ज्यांची खा-खा रात्री, पोट भरलेलं असताना सुटते, त्यांनी मात्र ते पैसे आधी दुसरीकडे खर्च करावेत. मला दोन्ही त्रास आहेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

मला डायबेटिस नाही. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, ५.८ टक्के आला, म्हणजे ५.७ ते ६.४ हा जो प्रीडायबेटिसचा, डायबेटिसच्या आधीच्या पायरीचा, पट्टा धरतात त्यात जेमतेम शिरलेला. डॉक्टरांनी चालणं वाढवा, वजन थोडं उतरवा एवढंच सांगितलं. सेन्सर लावायचं माझं मी ठरवलं, कारण मला कितीतरी वर्षं एकच गोष्ट छळत होती. बिस्किटांपुढे माझा निग्रह का टिकत नाही? शरीरात काही घडतं म्हणून, की लोक म्हणतात तसं हे व्यसनच आहे म्हणून?

लावणं सोपं आहे. दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसायची, अ‍ॅप्लिकेटर टेकवून दाबायचा, खटकन आवाज होतो आणि एक छोटी पांढरी चकती चिकटून बसते. आत केसाइतकी बारीक तार जाते, पण दुखत नाही. चकती चौदा दिवस चालते, अंघोळीला काढावी लागत नाही. आकडे आणि त्यांचा ग्राफ मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत हवी: ही तार रक्तातली साखर मोजत नाही. ती कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली साखर मोजते, त्यामुळे आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो.

आता सकाळचं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. अकराच्या सुमाराला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, तरी अक्षरं डोक्यात शिरायची नाहीत आणि समोर फक्त बिस्किटं दिसायची, हे माझं रोजचंच. जॅम लावलेला पांढरा ब्रेड आणि संत्र्याचा रस असा नाश्ता केला की आकडा तासाभरात १६५पर्यंत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) चढायचा आणि अकरापर्यंत ७०ला यायचा. नाश्त्याआधी होता त्याच्याही खाली. ग्राफ तिथे तळाला गेलेला आणि मी खुर्चीतून उठून डब्याकडे निघालेली, ही वेळ इतकी जुळायची की मला आधी विश्वासच बसेना. यावर अभ्यासही झालाय. २०२१मध्ये हजारावर लोकांचे सेन्सरचे आकडे तपासले, तेव्हा जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त खाली जात होती त्यांना भूक जास्त लागत होती आणि दिवसभरात त्यांचं खाणंही जास्त होत होतं. साखर किती वर चढली यापेक्षा नंतर किती घसरली याचा भुकेशी जास्त संबंध दिसला.

मग मी ब्रेड तोच ठेवला, पण आधी काकडी-टोमॅटो आणि दोन उकडलेली अंडी खायला लागले. रस बंद, त्याऐवजी अख्खं संत्रं. आकडा १३०च्या आसपास थांबला, घसरण जवळजवळ गेली आणि दुपारच्या जेवणापर्यंत डब्याची आठवणही आली नाही. वर्षानुवर्षं ज्याला मी मनाचा दुबळेपणा समजत आले, त्यातला निम्मा भाग नाश्ता बदलल्यावर गेला. एवढ्यासाठीसुद्धा मला ही वस्तू मोलाची वाटते.

त्रासही आहेत. कुशीवर झोपलं की चकती दाबली जाते आणि आकडा खोटाच खाली जातो. एकदा पहाटे ५४चा अलार्म वाजला. घाबरून उठले, बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं तर ८८. हे सेन्सरच्या बाबतीत नेहमीच होतं, पण माहितीपत्रकात ते शेवटी बारीक अक्षरांत आहे. कस्टमर केअरने अ‍ॅप काढून परत टाकायला सांगितलं, ज्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. शिवाय तोच नाश्ता, त्याच वेळी, तरी आकडे वेगळे येतात. झोप अपुरी झाली, आदल्या दिवशी चालणं झालं नाही, मनावर ताण असला की फरक पडतो. एका दिवसाच्या ग्राफवरून एखादा पदार्थ कायमचा बंद करू नका.

आणि ते अ‍ॅप! १४०च्या वर गेलं की पडदा लाल. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर अधूनमधून १४० ओलांडते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण केळं खाल्लं की लाल, भात खाल्ला की लाल, असं चार दिवस बघितलं की माणूस साध्या खाण्यालाही भ्यायला लागतो. माझा खरा राग आहे तो त्यातल्या ‘साखरेचं व्यसन मोडा’ या दाव्यावर. व्यसन आहे की नाही हे ग्लुकोजच्या आकड्यावरून कळत नाही. कळतं असं सांगणं ही त्रासलेल्या माणसाची फसवणूक आहे.

मग ते व्यसन खरं असतं का? मानसिक आजारांचं निदान ज्याच्या आधारे होतं त्या डीएसएम-५मध्ये (२०१३) अन्नाचं व्यसन असं निदान नाही. बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खाण्याचे झटके येण्याचा आजार, आहे. २००९मध्ये येल विद्यापीठातल्या अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी दारू-तंबाखूच्या व्यसनाचे निकष खाण्याला लावून एक प्रश्नावली केली, २०१६मध्ये ती सुधारली. ती सोडवताना मला बऱ्याच प्रश्नांवर थांबावं लागलं. ठरवलं त्याहून जास्त खाता का, कमी करायचा प्रयत्न करूनही जमत नाही का, त्रास होतोय हे कळूनही खाता का. हे प्रश्न खोटे नाहीत आणि ज्यांची उत्तरं ‘हो’ येतात त्यांचं दुःखही खोटं नाही. पण दोष एकट्या कर्बोदकांचा आहे असं त्यातून निघत नाही. २०१५मध्ये त्याच प्रश्नावलीच्या मदतीने पदार्थांची तुलना झाली, तेव्हा वरच्या रांगेत चॉकलेट, आइस्क्रीम, चिप्स, पिझ्झा, कुकीज आले. मैदा किंवा साखर आणि वर भरपूर चरबी. साधा उकडलेला बटाटा पोट भरल्यावर कोणी अनावर होऊन खात नाही.

उंदरांवरचे प्रयोग तर सगळे सांगतात, पण अर्धेच. प्रिन्स्टनमध्ये बार्ट होबेल आणि निकोल अ‍ॅव्हिना यांच्या प्रयोगांत उंदीर साखरेच्या पाण्यावर तुटून पडले, ते बंद केल्यावर अस्वस्थ झाले, हे खरं. पण त्या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर मिळत होती. ज्यांना ती दिवसभर मोकळी होती त्यांच्यात ही लक्षणं तशी दिसली नाहीत. मला हे वाचताना माझ्या रात्री आठवल्या.

रात्री साडेदहा. जेवण झालेलं, पोट भरलेलं, ग्राफ ९४वर सपाट. पाकीट उघडल्याचा चर्र आवाज, तोंडाला सुटलेलं पाणी, पहिलं बिस्किट गिळायच्या आत हातात दुसरं. साखर तर जागची हललेली नाही! या वेळी सेन्सरचा मला उपयोग झाला तो एवढाच की आता साखरेला दोष देता येणार नव्हता. दोन आठवड्यांचे ग्राफ आणि खाण्याच्या नोंदींची वही शेजारी ठेवून बघितली, तर ज्या दिवशी अ‍ॅप हिरवं ठेवायला दुपारचं जेवण कातरलं होतं, त्या रात्रींचा जोर सगळ्यांत जास्त होता.

ती वही घेऊन मी खाण्याच्या तक्रारींवर काम करणाऱ्या समुपदेशकांकडे गेले. त्यांनी ग्राफ बाजूला ठेवला आणि आधी माझे नियम विचारले: काय बंद आहे, कधीपासून, मोडलं की मनात काय येतं. सध्या तीन वेळा पोटभर जेवण, संध्याकाळी ठरलेलं खाणं आणि बिस्किटं बंदीच्या यादीतून बाहेर, असं चाललंय. रात्रीचा जोर अजून येतो, पण रोज येत नाही आणि आला तरी अख्खं पाकीट संपत नाही.

ज्यांना तीन महिने, आठवड्यातून किमान एकदा ताबा सुटून भराभर खाण्याचे झटके येतात आणि नंतर स्वतःची घृणा वाटते, त्यांनी सेन्सरच्या नादाला न लागता थेट तज्ज्ञांना गाठावं. डीएसएम-५मधल्या बिंज ईटिंगच्या निकषांत हे बसतं आणि संज्ञानात्मक वर्तन उपचाराने (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत, सीबीटी) त्यात चांगला फरक पडतो. पूर्वी खाण्याचा आजार झालेल्यांनीही हे आकडे दंडावर बाळगू नयेत, मोजण्याचंच वेड लागू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी हे उपकरण मुळात बनलंय आणि त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

बाकीच्यांनी एकदा, एकच चकती घ्यावी. वर्गणीचा प्लॅन अजिबात घेऊ नका. अ‍ॅपचे लाल-हिरवे रंग सेटिंगमध्ये बंद होत असतील तर पहिल्याच दिवशी बंद करा, आणि खाण्याची नोंद अ‍ॅपमध्ये न करता कागदावर ठेवा, भूक किती होती हेही त्यातच लिहा.