मिरजेतला ‘टास्क वन’चा क्लास

मी मिरजेत आयसीयूला स्टाफ नर्स आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल आणि त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये किमान ६.५ आणि बाकी तिन्हींत (रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग) ७ लागतात. आमच्याकडच्या मुली बहुतेक वेळा रायटिंगलाच अडकतात, म्हणून मी केलेल्या रायटिंगच्या क्लासचा हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

रायटिंगचे दोन भाग असतात. टास्क वन म्हणजे आलेख, तक्ता, नकाशा नाहीतर एखाद्या प्रक्रियेची आकृती बघून किमान १५० शब्दांत वर्णन लिहायचं. त्याला साधारण २० मिनिटंच द्यायची, कारण दुसऱ्या भागातल्या निबंधाचे मार्क दुप्पट असतात. हा क्लास घेणाऱ्या मॅडम घरीच शिकवतात, बाहेर पाटीसुद्धा नाही. रविवारी सकाळी बॅच असते आणि ती फक्त रायटिंगची.

याआधी मी दुसऱ्या एका मोठ्या क्लासला जात होते. तिथे पहिल्याच दिवशी वाक्यांची छापील यादी हातात दिली: ‘वाढ झाली’ म्हणायच्या वीस तऱ्हा, ‘घट झाली’च्या वीस. गाळलेल्या जागा भरल्या की उत्तर तयार. पण प्रश्नात दोनाऐवजी चार रेषा आल्या, की नेमकं काय लिहायचं तेच कळायचं नाही. मग सगळ्या जणी प्रत्येक वर्षाचा प्रत्येक आकडा ओळीने उतरवून काढायच्या.

मॅडमकडे यादी मिळत नाही. आधी पेन खाली ठेवायला लावतात आणि विचारतात, “आकडा एकही न सांगता सांग, या चित्रात काय झालंय?” मराठीत सांगितलं तरी चालतं. जे दोन वाक्यांत सांगता येतं तोच ओव्हरव्ह्यू. परीक्षकांचे निकष जाहीर आहेत, कुणीही वाचू शकतं. त्यात पाच बँडला, म्हणजे पाच गुणांच्या पातळीला, तपशील बहुतांशी यांत्रिकपणे मोजत जाणं हे लक्षण दिलं आहे, तर सात बँडला स्पष्ट ओव्हरव्ह्यू हवाच. मॅडमनी ते निकष आमच्याच उत्तरांशेजारी ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. मोठ्या क्लासात हे कुणी केलं नव्हतं.

सरावाचे आलेख त्या स्वतः काढतात, आणि ते आपल्याकडचे असतात. पावसाळ्यात पेपरात रोज येणारा धरणसाठ्याचा तक्ता त्यांनी आम्हाला दिला होता. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेची ३४. दोन्हींचे साठे टीएमसीत ठेवून तुलना केली तर कोयना कायमच मोठी दिसणार, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तेच टक्क्यांत बघितलं, की कोणतं धरण आधी भरत आलं ते दिसतं. टक्के आणि पर्सेंटेज पॉइंट यांतला फरक त्यांनी याच तक्त्यावर घोटवून घेतला. साठा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला, तर तो २० टक्क्यांनी वाढला असं नाही लिहायचं. वाढ २० पर्सेंटेज पॉइंटची, आणि मूळ साठ्याच्या मानाने ५० टक्क्यांची. औषधाचा डोस काढणाऱ्या आम्हा नर्सेसनाही हे एकदम सुचत नव्हतं.

सगळ्यात चांगला तास झाला तो सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या आलेखाचा, २०१९च्या पुराचा. चाळीस फुटांवर इशाऱ्याची रेघ, पंचेचाळीसवर धोक्याची, आणि पाण्याची रेषा ५७ फुटांच्या वर गेलेली. वर्गातल्या निम्म्या जणींची घरं त्या पाण्यात होती. साहजिकच सगळ्यांनी कर्नाटकातलं अलमट्टी धरण, कोयनेतून सोडलेलं पाणी, नदीपात्रातली बांधकामं असं सगळं लिहिलं. मॅडमनी शांतपणे तेवढ्या ओळींवर पेन्सिलीने रेघ मारली. आलेखात जे दिसत नाही ते उत्तरात येत नाही. कारणं, मतं, उपाय यांची जागा निबंधात. मग पाणी धोक्याच्या रेघेच्या वर किती काळ राहिलं, चढताना आणि ओसरताना रेषेचा उतार कसा बदलला, एवढंच लिहायला लावलं. लिहून झाल्यावर मात्र पुराबद्दल अर्धा तास आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं, घड्याळाकडे न बघता. मला त्या बाई तिथे फार आवडल्या.

प्रत्येकीचा कागद त्या स्वतः तपासतात. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द १५०मध्ये धरत नाहीत. वर्ष २०१९चं आणि क्रियापद वर्तमानकाळातलं, हेही सुटत नाही.

आता उणिवा. नकाशे आणि प्रक्रियेच्या आकृत्या इथे फारच थोड्या होतात. जुना गाव आणि नवा गाव शेजारी ठेवलेला नकाशा आला, तर त्याची तयारी तुम्हाला वेगळी करावी लागेल. झेरॉक्स काळ्या-पांढऱ्या असतात, त्यामुळे पाय चार्टमधल्या फोडी एकमेकींसारख्याच दिसतात. हे मी मॅडमना सांगितलंय. क्लासमध्ये सगळं हाताने लिहायचं. कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल, तर टायपिंगचा सराव घरी करा. तिथे शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, इथे ओळी मोजून अंदाज घ्यावा लागतो. शिवाय रविवारची बॅच नाइट ड्युटी करून येणाऱ्यांना जड जाते, आणि चुकलेला तास पुन्हा होत नाही.

मला रायटिंगला ७ मिळाले. फी दोन हप्त्यांत घेतात. ज्यांना लिसनिंग-स्पीकिंगसकट सगळं एका छताखाली हवंय, त्यांनी दुसरीकडे बघावं. ज्यांचं इंग्रजी बरं आहे पण रायटिंग सहावर अडकलंय, त्यांनी नक्की जावं. पहिल्या दिवशी आपण आधी लिहिलेलं एखादं उत्तर सोबत न्या, मॅडम तिथूनच सुरुवात करतात.