रोझेशियासाठी १५ टक्के अझेलाइक अ‍ॅसिड जेल: काही महिन्यांचा अनुभव

रोझेशिया म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणारा, दीर्घकाळ चालणारा त्वचेचा आजार. त्याचं निदान झाल्यापासून हे जेल सकाळ-रात्र नेमाने लावते आहे. गालांवरच्या आणि नाकाशेजारच्या पुळ्या जवळपास गेल्या, मागे राहणारे काळपट डागही फिके झाले. पण चेहरा अचानक तापून लाल होतो, ते या जेलने थांबलेलं नाही. ती लाली त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलल्याने येते, आणि त्या कशाने फुलतात हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

जेल सुरुवातीला चांगलंच झोंबतं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं जेल. असं केल्यावर सुसह्य झालं. फरक दिसायला कित्येक आठवडे जातात, तोवर धीर धरा.

माझा त्रास सर्वांत जास्त उन्हाने वाढतो. अतिनील किरणांनी दाह वाढतो आणि उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात, म्हणजे दुहेरी मार. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन मला जेलइतकंच उपयोगी पडलं. ते वगळून या जेलची पारख करू नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉफी सोडा, असं बरेच जण सांगतात. मी सोडली नाही, कोमट करून पिते, आणि काही होत नाही. वाफाळतं काहीही प्यायलं की मात्र गाल पेटतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात तर कॅफिनयुक्त कॉफी जास्त पिणाऱ्यांमध्ये रोझेशिया कमी आढळला होता. तिखट, मद्य, ताण, दमवणारा व्यायाम यांचं प्रत्येकाचं गणित वेगळं. नोंदवही ठेवली तरच ते कळतं.

स्टिरॉइडच्या मलमापासून मात्र चार हात दूर राहा. चेहरा आधी झटकन निवळतो, मलम थांबवलं की त्रास दुप्पट जोराने उसळतो. पुष्कळांचा आजार यानेच चिघळतो, आणि हे टाळता येण्यासारखं असतं याचं फार वाईट वाटतं.

सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून निदानही लांबतं. गाल हाताला गरम लागणं, चुरचुरणं, साध्या क्रीमनेही आग होणं, याकडे लक्ष द्या. डोळे खुपत असतील, लाल होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. रोझेशिया डोळ्यांतही होतो आणि त्यावर हे जेल चालत नाही.