‘शुगर-फ्री’ हॉट चॉकलेटच्या स्टिकरखाली साखर निघाली

4,495 रुपये. आधी आकडा सांगते, कारण घरात तो उच्चारायलाही मला पंधरा दिवस लागले.

डिसेंबरात धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये सेल लागला होता. नागपूरची थंडी, त्यात गरम कपाचा वास, गर्दी व्हायचीच. स्टॉल, फुकट सॅम्पल, ‘आजच्या दिवसापुरती’ ऑफर, हा प्रकार सगळ्यांनाच ठाऊक आहे. मलाही होता. 899 रुपयांची अर्ध्या किलोची बरणी, पाच घेतल्या तर सहावी फुकट. स्टॉलवरची मुलगी म्हणाली, “ताई, पूर्ण शुगर-फ्री आहे. डायबिटीसवाल्यांनाही चालते, पोरांची ताकद वाढते.” माझ्या सासऱ्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री सगळे चहा घेतात तेव्हा ते नुसतं दूध घेऊन बसतात. ते डोळ्यांसमोर होतं म्हणून घेतलं, हावरेपणानं नाही.

आता तो क्षण. बरणी हातात घेतली तेव्हा मागे घटकांच्या जागी पांढरं स्टिकर होतं. नखाला त्याची कड लागली. खाली काहीतरी छापलेलं आहे हे मला जाणवलं. मी विचारलंसुद्धा! ती म्हणाली, “प्रिंटिंग चुकलं होतं ताई, नवीन लावलं.” मागे रांग होती, मुलगा हात ओढत होता, आणि मी नख काढून घेतलं. कप प्यायले तेव्हाही, गोड लागतंय तर हा गोडवा कशाचा, हे मनात यायला हवं होतं. कोको स्वतः कडू असतो. स्टिकरवर स्टीव्हियाचं नाव नव्हतं, दुसऱ्या कुठल्या स्वीटनरचंही नव्हतं. बँकेत मी चौदा वर्षं लोकांना ‘सही करण्याआधी वाचा’ सांगते. ते स्टिकर अजून रात्री आठवतं.

बाबांना रोज दोन कप, मुलाला एक. सोळा दिवसांत दोन बरण्या संपल्या. बाबांची जेवणानंतरची साखर 170 च्या आसपास असायची, ती 268 आली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात नवीन काय? घरी येऊन मी गरम पाण्याच्या फडक्यानं स्टिकर काढलं. खाली: साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, कोको 8 टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तेच डब्यात सगळ्यात जास्त. 100 ग्रॅममध्ये साखर 68 ग्रॅम, प्रथिनं 4. एका कपाला 20 ग्रॅम पावडर, म्हणजे 13.6 ग्रॅम साखर. दोन कपांत 27 ग्रॅमच्या वर, जवळपास सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर बरं म्हणते. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तातली साखर झपाट्यानं चढवतं. आणि पोरांची ताकद? कपाला पावडरीतून जेमतेम 0.8 ग्रॅम प्रथिनं. बाकीची दुधातली, ती तर माझ्याच पातेल्यातली!

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा FSSAI परवाना क्रमांक 14 आकडी असतो. बरणीवरचे मोजले, 13 होते. दुकानातच मोजा. पावती नव्हती, क्यूआर कोड एका माणसाच्या खासगी नावाचा होता. असं दिसलं की पैसे द्यायचेच नाहीत.

मग फेऱ्या सुरू झाल्या. हॉलवाले म्हणाले, आम्ही फक्त टेबल भाड्यानं देतो. पोलीस चौकीत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवले ना, मग चोरी कशी? एका सरकारी कार्यालयात तीनदा गेले, तिन्ही वेळा अर्धी रजा टाकून. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा, “मॅडम, उघडलेल्या बरणीचं आम्ही काय करू?” सीलबंद चार बरण्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या, तर म्हणे उत्पादकाचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. तिसऱ्यांदा माझा अर्जच सापडेना. एका वृद्धाची साखर शंभरानं चढली आणि यांना पोचपावतीचा शिक्का मारवत नाही? अर्ज दिला की शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पहिल्यांदा सोडली होती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही, हे मला कुणी कार्यालयात सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. ‘हेल्थ ड्रिंक’ शब्दालाही भुलू नका, आपल्या अन्न कायद्यात त्याची व्याख्याच नाही. हॉट चॉकलेट हवंच असेल तर बिनसाखरेचा साधा कोको आणा, चमचाभर थोड्या गरम दुधात आधी घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. गोडी आपल्या हातानं घाला, म्हणजे किती घातली ते कळतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून.

बाबांची साखर परवा 181 आली. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, पुन्हा नुसतं दूध घेतात. चारही बरण्या कपाटात सीलबंद आहेत. त्या सेलमधून कुणी अशी बरणी घेतली असेल तर स्टिकर काढण्याआधी तारखेसकट फोटो काढा आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी फोटो न काढताच स्टिकर काढलं, आणि वकील आता तेच विचारतायत.