जर्मनीत सरकारी टेंडरसाठी वकिलांची फर्म: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आमची कंपनी कोलोनजवळची, मध्यम आकाराची. महापालिका, जिल्हा कार्यालयं आणि सरकारी रुग्णालयं यांना सॉफ्टवेअर पुरवायचं आणि पुढे काही वर्षं त्याची देखभाल करायची, हा धंदा. टेंडर भरण्याचं काम माझ्याकडे आहे. स्पर्धा कायदा आणि सरकारी खरेदीचा कायदा या दोन्हींसाठी गेलं वर्षभर आम्ही एका छोट्या फर्मकडे आहोत. त्याआधी काही महिने एका बड्या फर्मकडे होतो, जिच्या कचेऱ्या अनेक देशांत आहेत. नावं दोघांचीही देत नाही. पाचपैकी तारे द्यायचे तर छोट्या फर्मला साडेचार आणि मोठीला तीन.

बड्या फर्मचं काम वाईट नव्हतं. जे लिहून द्यायचे ते चोख असायचं. गाडी अडायची ती वेळेच्या बाबतीत. इथल्या कायद्यात टेंडरमधला नियमभंग तुमच्या ध्यानात आला की १० दिवसांच्या आत खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडे हरकत घ्यावी लागते, आणि शनिवार-रविवार त्यातच धरतात. चूक जाहिरातीत किंवा कागदपत्रांत दिसण्यासारखी असेल, तर टेंडर भरायची मुदत संपण्याआधी हरकत गेली पाहिजे. नाही गेली, तर तो मुद्दा पुढे काढताच येत नाही. यातली खरी गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. नुसतं काहीतरी खटकलं म्हणून हे १० दिवस सुरू होत नाहीत, पण वकिलाने ‘हो, हा नियमभंगच आहे’ असं सांगितलं की तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा उरत नाही. म्हणून सल्ला हातात पडला की पत्र निघालंच पाहिजे.

बड्या फर्ममध्ये प्रत्येक नव्या टेंडरला आधी हितसंबंधांची तपासणी व्हायची, कारण तेच शहर किंवा आमचाच प्रतिस्पर्धी त्यांच्या दुसऱ्या कचेरीचा अशील असू शकतो. ही तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा तिचं उत्तर शुक्रवारी दुपारी आलं, ‘प्रकरण घेता येणार नाही’ म्हणून, आणि आमचं पत्र सोमवारी जाणं भाग होतं. त्याच शनिवार-रविवारी ही छोटी फर्म सापडली.

ते पहिलं पत्र अजून माझ्याकडे आहे. एका शहराने टेंडरमध्ये एकाच उत्पादकाचं सॉफ्टवेअर नावानिशी मागितलं होतं, ‘किंवा समकक्ष’ हे शब्द नव्हते आणि नाव घालण्याचं कारणही दिलेलं नव्हतं. आमच्या संचालकांचा मसुदा लांबलचक आणि संतापाने भरलेला होता. छोट्या फर्मच्या वकीलबाईंनी त्याचं एक पान केलं. कोणत्या पानावरचं कोणतं वाक्य, खरेदी नियमावलीच्या कलम ३१ प्रमाणे ते का चालत नाही, आम्हाला काय बदलून हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवं, एवढंच. शिवाय पत्र त्यांच्या लेटरहेडवर न पाठवता आमच्याच लेटरहेडवर, आमच्या सहीने पाठवायला सांगितलं. वकिलाचं पत्र पोचलं की समोरचा अधिकारी लगेच आपल्या वकिलाकडे जातो, पुरवठादाराच्या पत्राला मात्र स्वतः उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं. शहराने अट दुरुस्त केली आणि मुदतही वाढवली. बड्या फर्मने हेच पत्र पंधरा पानी केलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दोन्ही कायदे एकाच फर्मकडे कशाला, असं कोणी विचारेल. जर्मनीत ते एकाच कायद्यात आहेत. स्पर्धा कायदा १९५८ पासून लागू आहे आणि सरकारी खरेदीचा भाग १९९९ मध्ये त्यातच घातला गेला. केंद्र सरकारच्या टेंडरच्या तक्रारी ऐकणारी खरेदी मंडळं बॉनच्या बुंडेसकार्टेलाम्टमध्ये, म्हणजे कार्टेल (आपसात संगनमत करणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्या) पकडणाऱ्या कार्यालयातच बसतात. त्यामुळे दोन्ही विषय पाटीवर लिहिणाऱ्या फर्म पुष्कळ आहेत. पण ते दोन्ही एकाच टेबलावर येतात का, हे बघून घ्यावं. बड्या फर्ममध्ये टेंडरवाले एका शहरात आणि कार्टेलवाले दुसऱ्या. एका प्रश्नाला फोनवर दोघं, आणि बिलात दोघांचेही तास.

हे एकाच टेबलावर असणं किती कामाचं आहे ते उन्हाळ्यात कळलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेंडरसाठी आम्ही एका प्रतिस्पर्ध्याबरोबर मिळून बोली लावायचा विचार करत होतो. बाईंचा पहिलाच प्रश्न होता, ‘किमतीबद्दल काही बोलणं झालंय का?’ झालं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही कंपन्यांना स्वतंत्रपणे लिहून काढायला लावलं की हे काम आपल्याला एकट्याने का झेपणार नाही: माणसं किती, आधी केलेली तशी कामं किती, मुदत किती. ते कागद तारीख घालून फाइलला लावले आणि मगच पुढची बैठक. आपल्याकडे ठेकेदारांनी रिंग केली म्हणतात, तो प्रकार इथे फौजदारी गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकट्याने करता येणारं काम दोन प्रतिस्पर्धी मिळून घेत असतील, तर त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं जाऊ शकतं.

त्याच बैठकीत त्यांनी फोसलो लाइस या कंपनीचं प्रकरण समजावून सांगितलं. रेल्वेच्या रुळांच्या कार्टेलमध्ये दंड झालेली ही कंपनी. म्युनिक शहराच्या मालकीच्या कंपनीने तिला पुरवठादारांच्या यादीतून वगळलं आणि वाद थेट युरोपीय न्यायालयात गेला. २०१८ च्या निकालाप्रमाणे कार्टेलमुळे बाहेर ठेवायची कमाल ३ वर्षं मोजायची ती दंडाच्या निर्णयापासून, आणि आपण सुधारलो हे दाखवायचं असेल तर दंडाचा आदेश खरेदीदाराला मागितल्यावर द्यावा लागू शकतो. शिवाय जून २०२२ पासून ३०,००० युरोंवरच्या कामाला, अशा गुन्ह्यांत सापडलेल्या कंपन्यांच्या केंद्रीय नोंदवहीत कंपनीचं नाव तपासणं सरकारी खरेदीदारांना बंधनकारक झालं. आमच्या विक्री विभागाने हे ऐकल्यापासून प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या कॉफीचे विषय बदलले आहेत, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

आता खरेदी मंडळापुढच्या खटल्याबद्दल. एक काम आमच्या हातून गेलं. नाकारल्याचं पत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलं असेल तर त्यानंतर १० दिवस करार करता येत नाही. आमचं आलं ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे त्यातले कामाचे दिवस मोजकेच. नुसता अर्ज टाकून भागत नाही. मंडळाने अर्ज वाचून खरेदीदाराला कळवलं की तेव्हा कराराला बंदी लागते, आणि हे सगळं त्या मुदतीत बसावं लागतं. बाईंनी आधी हरकतीचं पत्र पाठवलं, ती फेटाळल्याचं उत्तर येताच अर्ज दाखल केला आणि मंडळाच्या कचेरीत फोन करून तो पुढे गेल्याची खात्रीही करून घेतली. २,५०० युरो ही किमान फी आधीच भरायला सांगितली होती.

मग फाइल बघायला मिळाली. प्रतिस्पर्ध्याचे आकडे काळ्या पट्ट्यांखाली, पण मूल्यांकनाचा तक्ता उघडा होता. आमच्या देखभाल आराखड्यापुढे परीक्षकांनी गुण दिले होते आणि कारण म्हणून फक्त ‘समाधानकारक’ एवढा एक शब्द. सुनावणीत बाईंनी त्या एका रकान्यावरच सगळा जोर लावला. मंडळाने मूल्यांकन नव्याने करायचा आदेश दिला. कायद्याने निर्णयाला ५ आठवडे असतात, आणि तो त्या मुदतीतच आला.

नव्या मूल्यांकनातही आम्ही दुसरेच आलो. अर्ज करण्याआधीच बाईंनी लेखी कळवलं होतं की जिंकलो तरी काम मिळेल याची हमी नाही, फार तर पुन्हा मोजणी होईल. हे आधी सांगणारा वकील मला हवा. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली: हरलेल्या बाजूकडून वकिलाचा खर्च मिळतो तो कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे. ताशी दराने ठरवलं असेल तर वरचा फरक आपल्या खिशातून. आम्हाला तो बराच पडला.

अर्धा तारा कापला त्याची कारणं. या विषयात खोल शिरलेली माणसं तिथे दोनच आहेत, आणि ऑगस्टमध्ये दोघंही सुट्टीवर होती. सगळा पत्रव्यवहार जर्मनमध्ये, त्यामुळे आमच्या पुण्याच्या टीमसाठी भाषांतर मलाच करावं लागतं. बिल स्वच्छ असतं, पण महिनाअखेर न येता कधीकधी दोन महिन्यांचं एकदम येतं.

फर्म निवडताना सरकारी खरेदीचा विशेषज्ञ वकील ही पदवी जरूर बघा. २०१५ पासून ती आहे आणि टिकवायला दरवर्षी किमान १५ तासांचं प्रशिक्षण लागतं. पण पदवी असलेले काहीजण वर्षानुवर्षं फक्त सरकारी कार्यालयांचंच काम करतात, म्हणून बोली लावणाऱ्यांच्या बाजूने किती लढलात हे स्पष्ट विचारा. टेंडर निघायची वाट न बघता फर्मशी कायमचा करार आधी करून ठेवा, म्हणजे हितसंबंधांची तपासणी त्या १० दिवसांतले दिवस खाणार नाही. आणि कामाची किंमत युरोपीय कायद्यातल्या मर्यादेखाली असेल, तर खरेदी मंडळाचा रस्ता मिळत नाही. महापालिकेच्या पुरवठा आणि सेवांसाठी ही मर्यादा २०२४ आणि २०२५ साठी २,२१,००० युरो होती, दर दोन वर्षांनी ती बदलते.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी वेगळं सांगते, कारण हा प्रश्न मला सतत येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात (सदस्य देश एकमेकांच्या कंपन्यांना सरकारी टेंडर खुली करतात तो) भारत निरीक्षक आहे, सदस्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने कोलिन या तुर्की कंपनीच्या, क्रोएशियातल्या रेल्वेकामाच्या प्रकरणात ठरवलं की असा करार नसलेल्या देशाच्या कंपनीला समान वागणुकीचा हक्क सांगता येत नाही. खरेदीदार तिला घेऊ शकतो, पण घेतलंच पाहिजे असं नाही. थेट पुण्याहून बोली लावण्याऐवजी इथे नोंदवलेल्या कंपनीच्या नावाने लावली तर पाया भक्कम राहतो. त्या कंपनीत खरोखर माणसं आणि काम असायला हवं, आणि तिची रचना ठरवायच्या बैठकीलाच टेंडरचा वकील बोलावा. आमच्या ओळखीच्या एका कंपनीने तसं केलं आणि आता ती हॅम्बुर्गमध्ये पहिली बोली भरते आहे.