नागपूरहून चिखलदऱ्याला माउंटन बाइक घेऊन जाताय? मग हा रिव्ह्यू वाचा

नागपुरात ज्यानं ज्यानं माउंटन बाइक घेतली त्याचा थोड्या दिवसांत एकच प्रश्न असते, आता ही चालवायची कुठं. सेमिनरी हिल्सचा चढ गिअर बदलेपर्यंत संपून जाते, अंबाझरी-फुटाळा राउंडवर सगळा डांबरी रस्ता, रामटेकचा गड चांगला आहे पण छोटा. खरा डोंगर पाहिजे असेल तर माझं मत सरळ आहे, चिखलदरा. पचमढीपण सुंदर आहे, धूपगड तर सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, १३५० मीटर, पण तिथं बऱ्याच जागी जिप्सी अन् परमिटचा कारभार आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर गावागावांना जोडणारे कच्चे रस्ते आहेत आणि सायकलवाल्याला तेच पाहिजे असते.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. इथं कोणी बनवलेला बाइक पार्क नाही, बाण लावलेले ट्रेल नाहीत, सोपा-कठीण सांगणारं हिरवा-निळा-काळा असं ग्रेडिंग नाही. बैलगाडीच्या चाकोऱ्या, गुरांच्या वाटा, मुरमाचे रस्ते, मध्येच ओढा, असं सगळं आहे. ज्याला जंप अन् बर्म (वळणावरचा मातीचा उतरता बांध) पाहिजे त्यानं इथं येऊ नये. ज्याला तीन-चार तास चढउतार करत, शेताच्या बांधाबांधानं, सागाच्या जंगलाच्या कडेकडेनं सायकल चालवायची आहे त्याच्यासाठी विदर्भात याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

जायचं कसं तर गाडीला कॅरिअर लावून नागपूर ते अमरावती साधारण दीडशे किलोमीटर, तिथून परतवाडा पन्नासेक, आणि परतवाड्याहून वर तीसेक. अमरावतीत गिलावडा खायला थांबा, पुढं पोटभर खायचं मनाजोगतं काही लवकर भेटत नाही. ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी परतवाड्याला गाडी लावून घाट सायकलनंच चढावा असं मी मनापासून सांगतो. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे सातशेच्या वर मीटर चढ, आणि त्यातला बहुतेक सगळा वाटेतलं धामणगाव गढी सोडल्यावर येते. सकाळी लवकर निघालात तर वाहनं कमी असतात, वळणावर थांबून खाली पाहिलं की मागं सोडलेली संत्र्याच्या बागांची सपाट जमीन दिसते, आणि हवा थंड होत जाते ते अंगाला कळते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र हा घाट सायकलवाल्यासाठी नाही, धुक्यात गाड्यांची रांग असते आणि वळणावर ओव्हरटेक करणारे असतात, उगाच जीव धोक्यात घालू नका.

वर पोचल्यावर बहुतेक लोक देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल असं करत फिरतात. पॉइंट पाहा, जरूर पाहा, पण सायकलिंगची मजा तिथं नाही. मजा आहे मोथ्याकडच्या अन् आजूबाजूच्या पठारावर. मोथा हे गवळ्यांचं गाव, खवा-दूध हा तिथला धंदा, आता स्ट्रॉबेरीपण लावतात. वाट आधी मुरमाची, कडक, टायर मस्त पकड घेते, मग एकदम गोट्यांचा उतार लागते, बेसाल्टचे सुटे गोल दगड, तिथं सीटवरून उठून वजन मागं घेऊन, ब्रेक सोडत-धरत जावं लागते. हिवाळ्याच्या शेवटी वेगळीच गंमत, सागाची पानं गळतात, एकेक पान ताटाएवढं, सगळी वाट झाकून टाकते, खाली दगड आहे का खड्डा हे दिसतच नाही. अशा जागी स्पीड अर्धी करा, पुढचा ब्रेक हलक्या हातानं धरा.

पावसाळ्यात यावं का असं विचारून राहिले असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. जिथं काळी माती आहे तिथं ती टायरला चिकटते, त्यावर गवत चिकटते, मग ते सगळं फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) अन् मागं चेनजवळ असं काही ठासून बसते की चाक फिरणंच बंद होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, हाच काळ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं गारठतात, पूर्ण बोटांचे ग्लव्हज न्या.

आता गाइड. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो आणि या रिव्ह्यूत स्टार द्यायचे असतील तर सगळ्यात जास्त इथंच देईन. गावातला एखादा पोरगा सोबत घ्या, तो बहुतेक कोरकू किंवा गवळी घरातला असेल, मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं की भेटते. आमच्या सोबत आलेला दादा साध्या बिनगिअरच्या सायकलवर होता आणि चढावर आमच्या पुढं होता! त्याला वाट माहीत असते हे तर झालंच, पण कोणती वाट कोणाच्या शेतातून जाते, कुठं गहू-हरभरा उभा आहे म्हणून बाजूनं जायचं, कुठल्या झऱ्याचं पाणी चालते, हे तोच सांगू शकते. आपल्यासाठी जो ट्रेल आहे तो त्या लोकांचा रोजचा रस्ता आहे, डोक्यावर मोळी घेऊन बाया येतात, शाळेची पोरं येतात, त्यांना आधी जाऊ द्या, उतारावर असलात तरी. पैसे आधी ठरवा अन् पूर्ण दिवसाचे द्या, अर्ध्या दिवसात परत आलात तरी.

दुसरं म्हणजे जंगल. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७३-७४ चा, आणि चिखलदऱ्याला लागूनच आहे. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय शिरता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच ते आहे, म्हणून मेळघाटातल्या सेमाडोह गावाकडं जाताना रस्ता सोडून आत ट्रेल शोधायचा विचारही करू नका. वाघाची भीती सगळे घालतात पण वाटेवर खरी काळजी अस्वलाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, ती खायला अस्वलं येतात आणि वेचायला माणसंही, दोघंही पहाटेच. त्या दिवसांत उजाडायच्या आधी अजिबात निघू नका, आणि एरवीपण आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, मोठ्यानं बोलत जा, कानात इअरफोन तर नकोच नको. होळीच्या दिवसांत गेलात तर रस्त्यात कोरकू लोक गाडी अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, त्यांचा सगळ्यात मोठा सण आहे तो, खुशीनं द्या आणि दोन मिनिटं थांबून ढोल ऐका.

बाइकबद्दल. महागडी फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप असलेली, लागत नाही. १०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची (शॉकअप तेवढा दबणारी) साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेली, २.२ इंचाचे टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, एवढ्यात काम होते. पुढचं चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ३२ दातांचं आणि मागं ५० दातांच्या आसपास मोठा गिअर असेल तर घाटात गुडघे शाबूत राहतात. नागपुरात जाडजूड टायरवाल्या फॅट बाइक घेऊन फिरून राहिलेत बरेच जण, सिंगल स्पीडवाली, म्हणजे एकाच गिअरची, असेल तर इथं आणूच नका, चढावर हालत होईल. भाड्यानं घेत असाल तर निघायच्या आधी ब्रेक पॅड स्वतः काढून पाहा. एका दुकानातून आम्हाला मिळालेल्या बाइकचं मागचं पॅड इतकं झिजलेलं होतं की उतारावर पॅडची पत्री रोटरला (ब्रेकच्या चकतीला) घासायला लागली, परत गेल्यावर दुकानदार म्हणते की चालते तेवढं. घाटाच्या उतारावर चालत नाही हो तेवढं! वळणांमुळं कुठं मोकळं उतरायला मिळत नाही, सारखं ब्रेक लागतात अन् रोटर तापते.

पंक्चरचं तर बोलायलाच नको. खाली परतवाड्याकडच्या शेताच्या कडेनं सराटे, वर बोर-बाभळीचे काटे. ट्यूबलेस करा, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ताजं भरा, तरी एक ट्यूब अन् पंप बॅगेत पाहिजेच. हवेचा दाब २५-२८ पीएसआयच्या आसपास ठेवला की गोट्यांवर टायर उड्या मारत नाही, वजन जास्त असेल तर थोडा वाढवा.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याला सायकल दरवाज्याबाहेर ठेवून पायी जा. याच किल्ल्यावर डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं तोफा चढवून हल्ला केला होता, आणि त्या डोंगराचा चढ स्वतःच्या पायांनी चढून आलेल्या माणसाला तोफा वर कशा नेल्या असतील हा प्रश्न जरा जास्तच पडते. संध्याकाळी रबडी खा, चिखलदऱ्याची रबडी नावाजलेली आहे ते उगाच नाही. घरगुती जेवणाची सोय झाली तर कुटकीचा (एक बारीक भरडधान्य) भात मागा, हॉटेलच्या पनीरपेक्षा शंभर पट चांगला लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या राइडला पोटात टिकते.

मुक्काम एक रात्र कमी पडते, दोन करा. पहिला दिवस घाट, दुसरा मोथ्याचं पठार, तिसऱ्या दिवशी उशिरा उठून उतरायचं. पठारावर मोबाइलचं नेटवर्क जागोजागी जाते, मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा, आणि कुठल्या वाटेनं जाऊन राहिलो अन् किती वाजता परत येणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.